ती पाठमोरी बाई

१० जुलै, गुरुवार. सातारा

"मारणारा, मारायला लावणारा आणि बघून खूश होणारा, तिघांचं पान एकाच पंगतीत मांडलेलं असतं."

हे दादांचं वाक्य. माझे वडील मदनदादा रविवारी सांगलीच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, पाठशाळा घ्यायचे, तेव्हाचं. मी त्या सकाळी मुंग्यांच्या रांगेवर पाणी ओतलं नव्हतं. धाकट्या भावाला ओतायला सांगितलं होतं. वाक्य सगळ्या वर्गाला होतं, पण दादा बघत माझ्याकडे होते. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, झालेल्याला मान डोलावणं.

आज आठवायचं कारण म्हणजे चातुर्मास सुरू झाला. सांगलीला जाऊन मुनिमहाराजांसमोर नियम घेतले. मी: दिवाळीपर्यंत टीव्हीवरच्या मालिका बंद. साक्षी: दिवाळीपर्यंत व्हिडिओ गेम बंद. तिनं स्वतःहून हात जोडले. मी फक्त कोपरानं खुणावलं.

साक्षी एकोणीस वर्षांची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सांगलीत आज्जीजवळ राहते. गाडीपर्यंत पोचवायला आली तेव्हा म्हणाली, आई, मी त्यात कुणाला मारत नाही गं. सगळी मुलं असंच म्हणतात. मी सातारला चौथीचा वर्ग शिकवते, मला माहीत आहे.

गेमचं मशीन माझ्या हवाली केलं. वर बजावलं की, घेऊन जा, कुलपात ठेव, पण माझ्या फाइलला हात लावू नकोस. दोन वर्षं लावलीत मी तिला. एकच फाइल असते, आणि जे होईल ते आपोआप सेव्ह होतं. शेवटचा चॅप्टर राहिलाय, दिवाळीनंतर पुरा करीन आणि तुला शेवट दाखवीन.

म्हटलं, तुझ्या फाइलशी मला काय करायचंय!

संकल्प: दुपारी रोज स्वाध्याय. चार महिन्यांत मी वेगळी बाई झालेली असेन.

१४ जुलै, सोमवार

स्वाध्याय सुरू. एक पान झालं. मग डोळा लागला.

मशीन कपाटात मावत नाही. ओढणीत गुंडाळून टीव्हीखाली ठेवलंय. ओढणीला गाठ मारली आहे. गाठ म्हणजे कुलूपच.

१७ जुलै, गुरुवार

पोरीकडून जे सोडवलं ते आपण कधी पाहिलंसुद्धा नाही. हे बरोबर नाही. वही न उघडता नापास करणाऱ्या बाई मला कधीच आवडल्या नाहीत. म्हणून एकदा बघायचं. फक्त बघायचं.

माझा नियम मालिकांचा आहे. ही मालिका नाही.

आमच्या यजमानांनी, भरतेशनी, वायर जोडून दिली. पाटबंधारे खात्यात नोकरी, त्यामुळे कुठलीही गोष्ट कुठून कुठे जाते हे त्यांना बरोबर कळतं. पडद्यावर दोन पर्याय आले, न्यू गेम आणि कंटिन्यू. मी प्रामाणिकपणे न्यू गेम घेतला. त्यात चिखलातून सरपटत जायला शिकवत होते, ते संपल्याशिवाय काही सेव्ह होत नाही म्हणे, आणि ते संपेचना. भरतेश म्हणाले, मग दुसरं दाबून बघ. दाबलं. साक्षीची फाइल उघडली. मी हात लावला नाही, ती आपण होऊन उघडली.

काय सांगू! पडद्यावर माणूसच नाही. खाली नुसते दोन हात. त्यात बंदूक. हात बाईचे, नखं बारीक कापलेली, मनगटावर शीर. माझ्या मनगटावर तशीच शीर आहे. समोर कुंपण, त्याला टेकून एक माणूस सिगारेट ओढत होता. त्यानं वळून सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मी सॉरी म्हटलं. मोठ्यानं. त्यानं गोळी झाडली. मला घेरीच आली, कंट्रोलर हातातून पडला.

भरतेश म्हणाले, चंदना, याला फर्स्ट पर्सन म्हणतात, तू त्या बाईच्या डोळ्यांतून बघतेयस. मग त्यांनी कसलंसं बटण दाबलं आणि अहाहा, सगळं मागे सरकलं. आता समोर ती बाई पाठमोरी उभी. खाकी जॅकेट, वेणी. हे थर्ड पर्सन.

खूप बरं वाटलं. ती तिकडे, मी सोफ्यावर.

जाता जाता एक दिसलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एका लहानशा नारळाचं चित्र, आणि त्याच्यापुढे शून्य. दोन वर्षं खेळून पोरीला शून्य मार्क.

१८ जुलै, शुक्रवार

शून्य डोळ्यांपुढून जात नाही. आज वर्गात शंभूराजला शुद्धलेखनात शून्य द्यायची वेळ आली होती. दिलं नाही. दोन दिले, अक्षर चांगलं आहे म्हणून. परक्याच्या मुलासाठी जीव तुटतो, मग स्वतःच्या?

ठरलं. दिवाळीला साक्षीच्या हातात फाइल देईन ती भरघोस मार्क पाडूनच. हे खेळणं नव्हे, ही मदत आहे. ती बारावीत असताना मी तिच्या जर्नलमधल्या आकृत्या काढून दिल्याच होत्या की.

दुपारी बसले. पाठमोरी बाई पुढे, मी मागे. तोच कुंपणाजवळचा माणूस. या वेळी तिनं आधी गोळी झाडली. नारळापुढे एक आला.

आनंद झाला हे लिहायला हवं. म्हणजे तिला झाला असावा.

२१ जुलै, सोमवार

नीट विचार केला. कृत: नाही, कारण मारते ती. कारित: दुसऱ्या जीवाकडून करवून घेतलं तर. तिला जीव नाही. शिवाय आता समोरचेच आधी गोळी झाडतात. ही विरोधी हिंसा झाली, स्वतःला वाचवण्यापुरती, आणि तेवढी गृहस्थाला चालते हे दादांनीच शिकवलंय.

जेवताना भरतेश म्हणाले, मरणाऱ्यांनाही जीव नाहीच की, मग पाप कुठूनच नाही. तर मग कॅमेरा मागे कशाला घ्यावा लागतो तुला?

मी त्यांना आणखी भाजी वाढली.

२४ जुलै, गुरुवार

साक्षीचा फोन. दुपारी काय करतेस, असं विचारत होती. स्वाध्याय म्हटलं. कुठलं प्रकरण चाललंय म्हणाली. हिंसेचं, म्हटलं. यात खोटं काहीच नाही. मग म्हणाली, बरीच पुढे गेली असशील. म्हटलं, वेग चांगला आहे.

हसली. पण जरा तोकडं हसली. परीक्षेचा ताण असेल.

२९ जुलै, मंगळवार

शेजारची क्रांती विरजण मागायला आली आणि बसलीच. ती दहिवडीकडची. नवरा वीरधवल फौजेत, हल्ली वर काश्मीरकडे कुठेतरी आहे. मी मशीन झाकायला उठले, तर ही पडद्याकडे बघून ओरडली, आवं म्याडम, मागनं आलाय बघा एक! डावीकडं! डावीकडं वो! हाणा!

हाणला. म्हणजे बाईनं हाणला.

आता क्रांती रोज तीनला येते. विरजण पातेल्यात तसंच असतं. तिला खेळायचं नसतं, नुसतं सांगायचं असतं. म्हणते, मला सासूसमोर तोंड उघडाय मिळत न्हाई, हितं तरी वरडू द्या.

तेव्हा अनुमोदना क्रांतीची. बटण भरतेशनी दाखवलं, म्हणजे कारित त्यांचं. मारते ती पाठमोरी. माझ्या वाट्याला काय उरतं हे मांडून बघितलं. फारसं काही उरत नाही.

३१ जुलै, गुरुवार

पाठीमागून बघण्याचा एक मोठा फायदा सापडला. बाई भिंतीआड लपली तरी कॅमेरा वर असतो, त्यामुळे भिंतीपलीकडचा माणूस मला दिसतो आणि त्याला मी दिसत नाही. मग निवांत नेम धरायचा. क्रांती म्हणाली, ह्ये बेस हाय, आपल्याला त्यो दिसतोय, त्येला आपण न्हाई.

तिनं व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला हे सांगितलं म्हणे. तो हसून म्हणाला, आमच्या पलटणीत अशी सोय असती तर लय बरं झालं असतं, भितीपलीकडं बघायला मुंडी बाहीर काढाय लागली नसती.

हे सांगून क्रांती पदराचं टोक दुमडत राहिली. मग म्हणाली, चला म्याडम, म्होरं चला.

मी पुढे गेले. पण तेवढी दुपार नेम नीट लागला नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज फजिती. चातुर्मासात आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. पूल ओलांडायचा होता, पलीकडून चौघं गोळ्या झाडत होते. ते आटपून बघते तर खिडकीत अंधार, आणि कुकर लावलेलाच नाही. भरतेश ऑफिसातून आले, घड्याळाकडे बघितलं, स्वयंपाकघराकडे बघितलं, एक तांब्या पाणी प्यायले आणि पेपर उघडला. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा नियम त्यांनी घेतलेला नाही म्हणून बरं.

म्हटलं, आज सहज उपवास घडला, तेवढंच पुण्य. ते म्हणाले, तुला घडला. माझ्यावर तो न विचारता सोडला, धरणातून पाणी सोडतात तसा.

संकल्प: चार वाजता उठायचं म्हणजे उठायचं.

११ ऑगस्ट, सोमवार

डोळे चुरचुरतात. अंगठे दुखतात. वर्गात फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ असते, तेव्हा मला वाटतं कुणीतरी मला मागून बघतंय. उद्यापासून बंद. कायमचं. साक्षीला पुरेसे मार्क झालेत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बाईला दलदलीत उभी सोडून कसं बंद करणार? कोरड्या जागी नेऊन ठेवते आणि बंद करते.

१३ ऑगस्ट, बुधवार

कोरडी जागा लांब आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून घरी आले तर साक्षी दारात. सुट्टी जोडून आली, रविवारी जाणार. जीव एकदम हरखला आणि लगेच टीव्हीखाली गेला. ओढणी होती, गाठ होती. पण मी उलटी गाठ मारली होती वाटतं. साक्षी गाठीकडे बघत राहिली. तिनं मशीनला बोटसुद्धा लावलं नाही. नियम पाळते पोरगी. मला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाखाली काहीतरी टोचलं.

दुपारी कणीस सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, त्या खेळात म्हणे नुसते हात दिसणारं एक असतं आणि मागून दिसणारं एक, तुला कुठलं आवडतं? तुला कसं माहीत, म्हणाली. वर्गातली मुलं बोलतात, म्हटलं. चौथीतली? हो, हल्लीची मुलं!

मग मात्र ती रंगून बोलली. मी फर्स्ट पर्सनच खेळते, म्हणाली. मागून बघितलं ना आई, की आपलीच पाठ मध्ये येते, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. आणि भिंतीपलीकडचं चोरून दिसतं. त्याला कळायच्या आत आपण ठरवून मोकळे. आतून बघताना तसं नाही होत. तो तुझ्यासमोर येतो, तुझ्या उंचीवर. तू त्याला घाबरतेस, तो तुला घाबरतो.

दाणे काढायचे थांबवून म्हणाली, एक माणूस आहे, कुंपणाला टेकून सिगारेट ओढतो, आधी एकदा येतो आणि शेवटच्या चॅप्टरच्या तोंडाशी पुन्हा तोच. लाख युक्त्या केल्या, तो हलेचना. दोन आठवडे अडकले होते मी त्याच्यापाशी. मग एकदा कंटाळून नुसतीच गवतात पडून राहिले. तर तो गुणगुणायला लागला. सिगारेट विझवली, खिशातनं पाव काढला आणि टेकडीमागे कुत्र्याला घालायला गेला. रस्ता मोकळा. नुसतं थांबायचं होतं गं. माझ्या मैत्रिणींना पटतच नाही, सगळ्यांनी त्याला पहिल्या झटक्यात उडवलाय.

मी सोललेलं कणीस पुन्हा सोलायला घेतलं.

ती म्हणाली, आई, तुला काही सांगायचंय का?

मी म्हटलं, मीठ-लिंबू लावू का?

१७ ऑगस्ट, रविवार

साक्षी गेली. डब्यात चकल्या दिल्या, जास्तच दिल्या. एस.टी. हलताना खिडकीतून म्हणाली, काळजी घे, डोळ्यांची.

मुलांच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा? कुणालाही न मारता कुणी असा खेळ खेळेल का? मग बंदूक कशाला दिली असती? शून्य मार्क पडले की मुलं काहीतरी सुंदर कारण सांगतात. माझ्या वर्गात पंचेचाळीस जण सांगतात.

२० ऑगस्ट, बुधवार

क्रांती माहेराहून आली. कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, बघ, नारळापुढे केवढे मार्क केलेत पोरीसाठी.

ती उठून पडद्याजवळ गेली. म्हणाली, नारळ? म्याडम, कवटी हाय ती. मेल्याली माणसं मोजतंय त्ये.

मी चष्मा लावला. जवळ गेले. दात दिसले.

२० ऑगस्ट, संध्याकाळ

ते शून्य मार्क नव्हते.

तिनं गाडीपाशी सांगितलं होतं. परवा कणीस सोलताना सांगितलं. दोन वर्षं ती गवतात पडून राहायची, माणसं आपापल्या कामाला जाईपर्यंत. आणि तिला हिंसा सोडायला लावली मी.

शून्य मी घालवलं. आता तिथे तीन आकडे आहेत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उपाय शोधते. आज कुणालाच मारलं नाही. एक हरीण काट्यात अडकलं होतं ते सोडवलं. एका जखमी माणसाला पट्टी बांधली. आकडा तसाच. टेकडीमागे जाऊन कुत्रं शोधलं. होतं तिथे. कुंपणाकडे तोंड करून बसलेलं. त्याला घालायला बाईकडे पाव नव्हता.

क्रांतीला विचारलं, चांगलं वागलं की आकडा उतरत असेल का गं? ती म्हणाली, मेल्याली परत कशी येत्याल म्याडम? आणि आज विरजण घेऊन गेली. खरंच घेऊन गेली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज चंदनाने शाळेतून आल्यावर मशीन ओढणीत बांधून ठेवले. चंदना ही मुळात वाईट बाई नाही. तिच्याकडून काही गोष्टी घडल्या. घडण्यामागे तिचा हेतू मुलीच्या हिताचा होता. चष्मा वेळेवर न लावणे हा काही अपराध नव्हे. चंदना लवकरच मुलीला सगळे सांगणार आहे. योग्य वेळ आली की ती सांगेलच, असा तिच्या ओळखीच्या सर्वांना विश्वास वाटतो.

असं लिहिलं की खूप हलकं वाटतं. पूर्वीच सुचायला हवं होतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार. सांगली

दशलक्षण पर्व आजपासून. दहा दिवस दहा धर्म, पहिला उत्तम क्षमा. शाळेला गणपतीची सुट्टी आहे, भरतेशनी रजा टाकली. आम्ही सासूबाईंकडे. सासूबाईंचं, म्हणजे राजमतीबाईंचं, एका वेळचं जेवण आणि बाकी सगळा वेळ माझ्यावर नजर.

बस्तीत प्रवचन चालू असताना माझे अंगठे आपोआप हलत होते. डावा गोल, उजवा दाब. सासूबाईंनी बघितलं. मी हात पदराखाली घेतले. तर त्या शेजारच्या राहीबाईंना म्हणाल्या, बघितलासा का आमच्या सुनंला, परवचन ऐकताना सुदीक जप सोडत न्हाई. राहीबाईंनी मला हात जोडले.

पलीकडे साक्षी होती. तिनं माझ्या अंगठ्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली. हसली की काय कळलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार. उत्तम आर्जव

आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक आणि तोंडात दुसरं नको. सांगायला याहून चांगला दिवस नाही. बस्तीतून परतताना साक्षीला थांबवलं. ती थांबली. पिशवी खाली ठेवून थांबली, पूर्ण माझ्याकडे तोंड करून.

मी तिला चपलेचा पट्टा सैल झालाय असं सांगितलं.

१ सप्टेंबर, सोमवार. उत्तम सत्य

आज सांगणारच होते. पण सत्यधर्माच्या दिवशी सत्य सांगणं यात दिखावा वाटला. साध्या दिवशी सांगावं.

३ सप्टेंबर, बुधवार. उत्तम तप

कडक उपवास केला. पाणीही नाही. सगळे कौतुक करतात. सासूबाईंनी डोक्याला तेल लावून दिलं. उपवास किती सोपा असतो. दिवसभर तोंड बंदच ठेवायचं असतं.

४ सप्टेंबर, गुरुवार. उत्तम त्याग

मशीन कुणाला तरी दान देऊन टाकलं तर? मालकी सोडणं हाच त्याग. दिवाळीला साक्षीनं विचारलं तर सांगता येईल की तुझ्या नावानं मोठं दान झालं.

भरतेशना बोलून दाखवलं. ते म्हणाले, चोरीच्या मालाचा पुरावा नष्ट करण्याला दान म्हणतात हे मला नवीन आहे. म्हटलं, तुम्हीच बटण दाखवलंत. म्हणाले, दाखवलं, कबूल, माझं पान मांडलेलं आहे पंगतीत, मी बसतो. तू कधी बसतेस?

यांना दादांचं वाक्य मी कधी सांगितलं होतं?

६ सप्टेंबर, शनिवार

पर्व संपलं. चंदनाने सांगितले नाही.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी

सकाळी बस्तीत सगळे एकमेकांना हात जोडून उत्तम क्षमा म्हणत होते. वर्षभर तोंड न बघणारे सख्खे भाऊसुद्धा. घरी आल्यावर साक्षी आज्जीच्या पाया पडली, बाबांच्या पडली, मग माझ्या. म्हणाली, नियम घ्यायला लावलास म्हणून मनातल्या मनात खूप रागावले होते तुझ्यावर, उत्तम क्षमा.

मीही हात जोडले. ठरलेलं वाक्य म्हटलं. वर्षभरात कळत-नकळत माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

तिनं हात जोडले नाहीत. म्हणाली, यातलं कळत किती आणि नकळत किती, आई?

मी म्हटलं, अगं, तो नारळ मला वाटला, आणि त्या बाईनं एकदम...

कुठल्या बाईनं?

ती, पाठमोरी.

साक्षीनं फोन काढून माझ्यासमोर ठेवला. ते मशीन सुरू झालं की तिच्या फोनला कळतं. कुठे पोचलो, काय केलं, सगळं. सतरा जुलैपासून. पहिल्या माणसाला मारल्याबद्दल तिथे बक्षीस मिळतं. सोनेरी चित्र येतं आणि अभिनंदन म्हणतात. ते आलं तेव्हा ती वर्गात होती. शंभराचं आलं तेव्हा आज्जीला दवाखान्यात घेऊन गेली होती. रांगेत बसून बघितलं, म्हणाली.

म्हणजे फोनवर प्रकरण विचारलं ते. एस.टी. हलताना डोळ्यांची काळजी म्हणाली ते. पिशवी खाली ठेवून उभी राहिली ते.

आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, शून्य गेलं तेव्हा खूप रडले. मग म्हटलं, आई सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. पावणेदोन महिने मी तुला मागून बघत होते. चेहरा कधी दिसलाच नाही.

आतून सासूबाई ओरडल्या, काय गं सक्षे, आईची क्षमा मागिटलीस का न्हाई? मागितली, साक्षी म्हणाली. आणि तिनं मागिटली का तुजी? साक्षी म्हणाली, चाललंय आज्जी, अजून वेळ लागेल. सासूबाई म्हणाल्या, येवढं काय असतंय त्यात, दोन शबुद तर हायत.

साक्षी खोलीत गेली. दार लावलं नाही. लोटलंय फक्त.

दुपारचे चार वाजलेत. उद्या सकाळी आम्ही सातारला निघू. या वहीत चंदनाने असं, चंदनाने तसं, असं आणखी एक पान लिहून बघितलं. फाडलं. दोन शब्द मघाशी म्हणून झालेत, ते पुन्हा म्हणून उपयोग नाही. आता आत जाऊन जे बोलायचं ते इथे लिहून पाठ करते, म्हणजे ऐन वेळी मीठ-लिंबू तोंडात येणार नाही. ती नाही म्हणेल. तिच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं, आणि वर दारही लावून घेतलं असतं.

साक्षी, कुंपणापाशी जो उभा होता, त्याला मी मारलं. दुसऱ्या कुणी नाही. माझ्या हातांनी. बाकीच्यांनाही मीच. तुझी दोन वर्षं मला परत देता येत नाहीत, आणि शेवट तू मला दाखवणार होतीस तो आता मागायला तोंड नाही. पण दिवाळीनंतर कधी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस, तर त्या कुंपणापाशी पोचशील तेव्हा मला शेजारी बसू देशील? कशाला हात लावणार नाही, बोलणार नाही. तो गुणगुणतो आणि पाव घेऊन कुत्र्याकडे जातो, तोवर तुझ्याजवळ नुसती पडून राहीन.